रुग्णालयातील कारागीर



रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात, परिचारिका येतात, औषधांच्या बाटल्या आणि लोखंडी खाटा येतात. हातात पाना आणि खिशात टेस्टर घेऊन जिन्याखालच्या दाराआड नाहीसा होणारा तरुण मात्र क्वचितच आठवतो. आठवलाच तर पंखा बंद पडल्यावर किंवा न्हाणीघरातले पाणी तुंबल्यावर! आज मी बोलणार आहे तो ह्या तरुणाविषयी. दफ्तरात त्याला निरनिराळी नावे आहेत. कोठे तो तारतंत्री, कोठे नळ कारागीर, कोठे नुसता हेल्पर. आपण त्याला देखभाल-कारागीर म्हणू आणि त्यातही नुकताच कामावर लागलेला, सर्वांत खालच्या पायरीवरचा कारागीर डोळ्यांपुढे ठेवू.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण माझे म्हणणे असे की, रुग्णालयातली दुरुस्ती हा उपचाराचाच एक भाग आहे. आणि तसे असेल तर ह्या तरुणाला काय शिकवावे, कोणी शिकवावे आणि त्याच्या शब्दाला किती मान द्यावा, हे प्रश्न किरकोळ राहत नाहीत.

हे म्हणणे तसे जुनेच आहे. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातील स्कुटारी येथे इंग्रज सैन्याचे मोठे रुग्णालय होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथे नोव्हेंबर १८५४ मध्ये पोहोचल्या. त्यांनी शुश्रूषेची घडी बसविली, अन्नवस्त्राची सोय लावली. तरीही १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात होते. मार्चमध्ये इंग्लंडहून एक आरोग्य-आयोग आला. त्यात रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे एक स्थापत्यशास्त्रज्ञही होते. ह्या मंडळींनी इमारतीखालची तुंबलेली गटारे धुऊन काढविली, पाण्याच्या वाटेतली घाण उपसविली, हवा खेळती केली आणि भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास उतरले. ऋतुपालट झाला, गर्दी ओसरली, ह्याचाही त्यात वाटा असेल. तथापि गटार साफ करणे हासुद्धा औषधोपचारच आहे, हा धडा नाइटिंगेलबाईंनी त्यावरून घेतला आणि पुढे आयुष्यभर सांगितला.

हा कारागीर येतो कोठून?

आपल्याकडे हा तरुण बहुधा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आय.टी.आय.मधून येतो. कारागीर-प्रशिक्षणाची ही योजना भारत सरकारने १९५० मध्ये सुरू केली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला कामावरच्या उमेदवारीची जोड मिळाली. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, नळ कारागीर, वातानुकूलन-यांत्रिक असे त्याचे व्यवसाय. कानस कशी धरावी, आटे कसे पाडावेत, तीन फेजांची मोटर कशी जोडावी, हे तो तेथे शिकलेला असतो. वय एकोणीस-वीस. घरी बहुतेक शेती किंवा मजुरी. हात चलाख, उत्साह दांडगा.

पण तो जे शिकून आला ते मुख्यतः कारखान्याच्या दृष्टीने. कारखान्यात यंत्र बिघडले तर पहिली गोष्ट कोणती करतात? यंत्र बंद करतात. मोठी दुरुस्ती असेल तर साप्ताहिक सुटीची वाट पाहतात. रुग्णालयाला साप्ताहिक सुटी नाही. तेथे नळ दुरुस्त करायचा तर त्याच नळीवर वरच्या मजल्यावरचा प्रसूतिविभाग अवलंबून असतो. वायर बदलायची तर त्याच वायरीवर कोणाचा तरी श्वास चाललेला असतो. म्हणून येथे आल्यावर त्याला पहिला धडा मिळाला पाहिजे तो असा: हात लावण्यापूर्वी 'हे मी बंद केले तर कोणाचे काय बंद पडेल?' हा प्रश्न स्वतःला विचार. उत्तर ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचार. आणि ठाऊक असले तरी त्या विभागाच्या सिस्टरांना सांगितल्याशिवाय कॉक फिरवू नकोस.

तक्रारवही

आता त्याचा दिवस पाहू. सकाळच्या पाळीला तो हजर होतो तेव्हा टेबलावर तक्रारवही उघडी असते. सात नंबरच्या वॉर्डात बेसिनचा नळ गळतो. स्त्री-शल्य विभागात एका खाटेचे चाक फिरत नाही. बाह्यरुग्ण विभागात दोन दिवे गेले आहेत. अधीक्षकांच्या खोलीतला वातानुकूलक थंड हवा देत नाही. शिशुविभागात एका खाटेजवळचा प्लग सैल आहे.

नवखा मुलगा वही वरून खाली वाचतो आणि त्याच क्रमाने निघतो; किंवा, अधिक व्यवहारी असला तर, प्रथम अधीक्षकांच्या खोलीकडे धावतो. मुरलेला मिस्त्री मात्र आधी शिशुविभागात जाईल. सैल प्लग म्हणजे अपुरा स्पर्श, अपुरा स्पर्श म्हणजे त्या जागी उष्णता, आणि उष्णता म्हणजे आज ना उद्या ठिणगी. त्यानंतर तो खाटेच्या चाकाकडे जाईल, कारण तीच खाट दुपारी शस्त्रक्रियागृहाकडे न्यावयाची असेल. सर्वांत मोठ्याने ओरडणारी तक्रार सर्वांत निकडीची असतेच असे नाही, हे त्याला ठाऊक असते. तक्रारींचा क्रम लावता येणे ही ह्या नोकरीतली पहिली विद्या आहे, आणि ती कोणत्याही प्रशिक्षण संस्थेच्या फळ्यावर शिकवता येत नाही. ती वस्तादाच्या मागून पेटी घेऊन फिरतानाच येते.

वॉर्डात वावरण्याचीही एक रीत आहे. शिडी लावायची तर शेजारच्या रुग्णाला सांगून, भोक पाडायचे तर धूळ आवरून, हातोडा मारायचा तर जेवणाची आणि झोपेची वेळ टाळून. वॉर्डातले मामा आणि मावशी हे ह्या तरुणाचे खरे बातमीदार. कोणत्या दिव्याखाली जळका वास येतो, कोणत्या न्हाणीत पाणी उतरत नाही, हे वहीत येण्याच्या चार दिवस आधी मावशींना कळलेले असते. जो मुलगा त्यांच्याशी दोन शब्द आदराने बोलतो, त्याचे अर्धे काम तेथेच होते.

वीज : सेकंदांचा हिशेब

रुग्णालयातल्या यंत्रणांपैकी वीज आपल्या सर्वांच्या परिचयाची, म्हणून प्रथम ती घेऊ. मोठ्या रुग्णालयाला वीज बहुधा ११ हजार व्होल्टने मिळते. आवारातला ट्रान्सफॉर्मर ती ४१५ व्होल्टवर आणतो आणि तेथून ती विभागाविभागांत वाटली जाते. बाहेरची वीज गेली की डिझेलवरचा जनरेटर आपोआप सुरू होऊन भार उचलतो. ह्याला साधारणतः दहा-पंधरा सेकंद लागतात. आपल्या घरी दहा सेकंदांच्या अंधाराचे कोणाला काही वाटणार नाही. पण पोट उघडलेल्या रुग्णावर ज्याचा हात चालला आहे त्या शल्यविशारदाला ते फार वाटतात. म्हणून शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग अशा ठिकाणी मधल्या वेळेसाठी बॅटरीवरची व्यवस्था असते.

आता गंमत अशी की, एवढा अवजड जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचे अगदी नेहमीचे कारण त्याच्या इंजिनात नसते. ते असते त्याला चालना देणाऱ्या बॅटरीत. बॅटरी उतरलेली, तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचलेला, किंवा चार्जरची वायर निघालेली. ही टोके पुसून घट्ट करण्याचे काम सर्वांत धाकट्या कारागिराकडे असते. शिवाय जनरेटर नुसता सुरू करून पाहणे पुरेसे नाही, त्यावर खरा भार टाकून पाहावा लागतो. रिकामी गाडी चढ चढली म्हणजे भरलेली चढेलच असे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट अर्थिंगची. एक मिलिअँपिअर प्रवाह बोटाला नुसती चुणचुण देतो. पण ज्या रुग्णाच्या हृदयापर्यंत एखादी नळी किंवा तार पोहोचलेली आहे, त्याला ह्याच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १०० मायक्रोअँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. निरोगी माणसाचे रक्षण त्याची कोरडी कातडी करते. ह्या रुग्णाच्या बाबतीत तो तटच ओलांडलेला असतो. मग त्याचे रक्षण कोण करते? प्लगची तिसरी, जाड पिन. घरी बसत नाही म्हणून ती काढून टाकणारे महाभाग आपण पाहिलेले आहेत. रुग्णालयात तसे करणे म्हणजे रुग्णाची ढाल काढून घेणे होय.

ऑक्सिजन : जेथे जुनी सवय घात करते

आता ऑक्सिजनकडे वळू. २०२०-२१ च्या करोनाच्या साथीपूर्वी ह्या वायूविषयी सामान्य माणूस फारसा विचार करीत नसे. त्यानंतर त्याचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही.

मोठा जंबो सिलिंडर भरलेला असताना त्यात सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागतात असे धरले तर हा सिलिंडर साडेअकरा तासांहून थोडा अधिक पुरेल. पण त्याच सिलिंडरवर असे वीस रुग्ण असतील तर? ३५ मिनिटे! म्हणून मोठ्या रुग्णालयात सिलिंडरांच्या दोन रांगा एका वाहिनीला जोडलेल्या असतात. एक संपत आली की दुसरी लागते. त्याहून मोठ्या ठिकाणी द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असते. शून्याखाली १८३ अंशांवर हा वायू द्रव होतो आणि एक लिटर द्रवातून सुमारे ८६० लिटर वायू निघतो. टाकीतून किंवा सिलिंडरांतून निघालेला ऑक्सिजन तांब्याच्या नळ्यांतून, वातावरणाच्या सुमारे चौपट दाबाने, खाटेच्या उशापर्यंत पोहोचतो. वाटेत ठिकठिकाणी विभागवार कॉक असतात. एखाद्या विभागात गळती झाली किंवा आग लागली तर तेवढाच विभाग तोडता यावा, हा त्यांचा हेतू. पण तो कॉक फिरविण्यापूर्वी पुढच्या प्रत्येक रुग्णाला सुटा सिलिंडर लागलेला आहे, हे तेथल्या सिस्टरांकडून वदवून घ्यावयाचे असते.

येथे नव्या कारागिराची एक चांगली सवय त्याच्यावर उलटते. जोडाऱ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की, आटे फिरत नसतील तर तेलाचे दोन थेंब सोडावेत. ऑक्सिजनच्या नळीवर हे कधीही करावयाचे नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल किंवा ग्रीस भडकून पेट घेते. तेलकट हात, तेलकट पाना, तेलकट चिंधी, काहीच तेथे न्यावयाचे नाही. तसेच सिलिंडरचा कॉक झटक्यात उघडावयाचा नाही. वेगाने शिरलेला वायू पुढच्या बंद जागेत दाबला जाऊन एकाएकी तापतो आणि तेथे तेलाचा अंश असेल तर ठिणगीचीही गरज उरत नाही. 'सावकाश उघड, बाळा,' असे वस्ताद शंभर वेळा सांगतो ते केवळ म्हातारपणामुळे नव्हे.

दुसरा धोका अदलाबदलीचा. भूल देण्याच्या कामी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, दोन्ही वायू रंगहीन. दोन्ही तशाच तांब्याच्या नळ्यांतून येतात. गफलत होऊ नये म्हणून आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्यावर पांढरा असतो, नायट्रस ऑक्साइडचा निळा असतो. लहान सिलिंडरांच्या तोंडावरची भोके आणि भिंतीवरच्या तोट्या अशा घडविलेल्या असतात की एकाची जोडणी दुसऱ्याला बसूच नये. परंतु भिंतीच्या आत नळ्याच उलटसुलट जोडल्या गेल्या, तर तोटीचा आकार काय करणार? २०१६ साली जगाच्या दोन टोकांना हेच घडले. मे महिन्यात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातल्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड जाऊन दोन बालके दगावली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकोम रुग्णालयात ऑक्सिजनच्या तोटीतून नायट्रस ऑक्साइड येत असल्याचे उघडकीस आले. तोवर एक नवजात अर्भक मरण पावले होते आणि दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. तेथले नळकाम आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये झालेले होते.

ह्यातून निघणारा नियम साधा आहे. वायूच्या नळीवर कसलेही काम झाले, अगदी एक सांधा बदलला, तरी पुढच्या प्रत्येक तोटीतून प्रत्यक्ष कोणता वायू येतो हे उपकरणाने मोजून पाहिल्याशिवाय ती तोटी रुग्णाला लावावयाची नाही. 'आपणच जोडले आहे, बरोबरच असणार,' ह्या वाक्याला रुग्णालयात जागा नाही. ज्याने जोडले त्याच्याखेरीज दुसऱ्याने तपासावे, हेही त्यातच आले.

तिसरा धोका खंडाचा. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीपाशी गळती झाली. नळीतला दाब उतरला आणि त्या थोड्या वेळात वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या घटनेचे वर्णन अंगावर काटा आणते; पण देखभालीच्या दृष्टीने तिच्यापासून घ्यावयाचा बोध शांतपणे घेतला पाहिजे. दाब उतरू लागताच घंटा वाजली पाहिजे. ती ऐकणारा माणूस तेथे पाहिजे. राखीव साठा जोडलेल्या स्थितीत पाहिजे आणि कोणता कॉक कोठे आहे हे पाळीवरच्या सर्वांत धाकट्या मुलालाही अंधारात सापडले पाहिजे.

न ओरडणारे बिघाड

वीज गेली तर कळते, ऑक्सिजनचा दाब उतरला तर घंटा वाजते. परंतु हवा, पाणी आणि वाफ ह्यांचे बिघाड पुष्कळदा मुकेच असतात.

शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला किमान वीस वेळा बदलली जावी, असे आपल्याकडील रुग्णालय-मानांकनात सांगितले आहे. ती अतिसूक्ष्म गाळण्यांतून येते आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाब ठेवते. म्हणजे दार उघडले तरी आतली स्वच्छ हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. क्षयरोग्याच्या खोलीत ह्याच्या नेमके उलट हवे. आता पंख्याचा पट्टा सैल झाला किंवा गाळणी चोंदली तर काय दिसते? काहीच नाही. खोली थंड असते, दिवे लागलेले असतात. फक्त हवेची दिशा बदललेली असते. हे ओळखण्याची एक युक्ती आहे: दाराच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरावी आणि ती कोणीकडे हलते ते पाहावे. यंत्रे आहेतच, पण नव्या मुलाला हवेचा स्वभाव शिकविणारा ह्या पट्टीसारखा गुरू नाही.

पाण्याचेही तसेच. कोमट, साचलेल्या पाण्यात, विशेषतः वापरात नसलेल्या नळीच्या तुकड्यात, लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात त्यांनी न्यूमोनियाची साथ उठविली, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. म्हणून नळ काढून टाकला की त्याची मागची नळीही मुळापासून काढावी, नुसते टोपण बसवू नये, असा दंडक आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाण्याशी संबंध येतो. मध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि ते आतड्यांतून पारखून आत घेतो. त्या रुग्णाला ही पारख नाही. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये नीट शुद्ध न केलेल्या पाण्यातून शेवाळाचे विष डायलिसिसच्या यंत्रात गेले आणि ५० हून अधिक रुग्ण प्राणास मुकले. गाळणीतला कोळसा वेळेवर बदलणे हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याचे मोल हे असे आहे.

वाफेचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. शस्त्रक्रियेची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत किमान पंधरा मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात. आत हवा अडकून राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो, पण गाठोड्याच्या पोटात उष्णता पोहोचतच नाही. काटा खोटे बोलत नाही; त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. म्हणून १९६३ साली बोवी आणि डिक ह्या दोघांनी एक चाचणी सुचविली, जिच्यात कापडांच्या थरांमध्ये ठेवलेल्या खास पट्टीचा रंग सर्वत्र सारखा बदलला तरच हवा पुरती निघाली असे मानतात. निर्वात पंपाच्या ऑटोक्लेव्हवर ती आजही रोज सकाळी करतात. दाराचे रबर झिजले असेल, पंप थकला असेल, तर ही पट्टी सांगते. आणि ते रबर बदलायला येतो तो आपला हा तरुण.

त्याचा स्वतःचा जीव

दुसऱ्याच्या जिवाची एवढी काळजी वाहणाऱ्याने स्वतःच्या जिवाचीही वाहिली पाहिजे. बेसिनखालची वळणदार नळी उघडली की तिच्यात काय सापडेल सांगता येत नाही. टोचलेली सुईसुद्धा सापडते. म्हणून तेथे उघडा हात कधी घालावयाचा नाही, आणि कामावर रुजू होतानाच कावीळ-ब ची लस घ्यावयाची. तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. विजेच्या कामात प्रवाह तोडल्यावर त्या जागी कुलूप आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावावी, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि तरीही हात लावण्यापूर्वी टेस्टरने पाहावे. रुग्णालयात घाई नेहमीचीच असते. कोणीतरी सद्हेतूने, 'वॉर्डात अंधार झाला' म्हणून, तोडलेला स्विच वर करील. त्या सद्हेतूपासून वाचविणारी गोष्ट म्हणजे ती खिशातली किल्ली.

आग, आणि आधीची वही

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सात बाळांना वाचविता आले, दहा गेली. त्यानंतर अशा कक्षांकडे सर्वांचेच लक्ष वेधले गेले. अशा कक्षात चोवीस तास तापणारी उपकरणे असतात, वातानुकूलन अखंड चालते आणि हवेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढण्याचा संभव असतो. नेहमीच्या हवेत ते २१ टक्के असते. त्यात दोन-तीन टक्क्यांची भर पडली तरी कापड व प्लॅस्टिक अधिक सहज पेटतात आणि अधिक वेगाने जळतात. अशा ठिकाणी तापलेला एक सांधा पुरे होतो. आणि सांधा एका रात्रीत तापत नाही. आधी प्लग कोमट लागतो, मग त्याचा रंग पिवळसर होतो, मग वास येतो. ह्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी वहीत एक ओळ लिहिण्याची आणि दुसऱ्या कोणीतरी ती वाचण्याची वेळ असते.

येथे आपण अशा मुद्द्यापाशी येतो जो कारागिराचा नाही, आपला आहे. सरकारी रुग्णालयांत इमारत आणि वीज ह्यांची देखभाल पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असते, यंत्रांची देखभाल यंत्रे विकणाऱ्यांकडे आणि बाकीची एखाद्या ठेकेदाराकडे. ठेका बदलला की मुलेही बदलतात. कोणत्या भिंतीत कोणती नळी आहे हे ज्याच्या डोक्यात असते तो मिस्त्री सेवानिवृत्त होतो आणि नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. मागे राहतो तो थोड्या पगारावरचा नवा मुलगा; त्याला कोणी वस्ताद नाही, लस नाही, आणि 'साहेब, हे असे चालवू नये' म्हणण्याची सोय नाही. त्याने लिहिलेली ओळ वाचली जात नसेल, तर ती लिहिणे तो हळूहळू सोडून देतो. मग एके दिवशी आपण सगळे विचारतो, 'हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही?' लक्षात आलेले असते. लिहिलेलेही असते. वाचणारा नसतो.

ह्यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक नव्या कारागिराला पहिले काही महिने जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली ठेवावे आणि एकट्याने रात्रपाळी देऊ नये. नळ्यांचे, वायरींचे आणि कॉकांचे नकाशे अद्ययावत करून कार्यालयात टांगावेत. तक्रारवही आठवड्यातून एकदा अधीक्षक, मेट्रन आणि देखभालीचा मुख्य अशा तिघांनी एकत्र बसून वाचावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ऑक्सिजनचा कॉक किंवा विजेची मुख्य पेटी ह्यांच्या बाबतीत, धोका दिसला तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या कारागिरालाही असावा. तो शब्द वापरल्याबद्दल त्याला बोल लागू नये, मग पुढे तो धोका नव्हता असे निघाले तरी.

श्रोतेहो, ह्या कामात यश दिसत नाही हीच त्याची अडचण आहे. डॉक्टरांनी वाचविलेला रुग्ण पेढे घेऊन येतो. ज्या रात्री काहीच घडले नाही त्या रात्रीबद्दल पेढे कोण आणणार? आपण येथे संध्याकाळच्या वाऱ्यात बसलो आहोत. ह्याच घटकेला गावातल्या कोणत्या तरी रुग्णालयाच्या तळघरात एक मुलगा बॅटरीची टोके पुसून घट्ट करीत असेल. त्याचे काम नीट झाले तर आपल्याला त्याची बातमी कधीच कळणार नाही. ती कळू नये अशीच व्यवस्था करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी त्याला थोडे शिक्षण, थोडे स्थैर्य आणि थोडा मान द्यावा लागेल.